ताटाचा भाव कोण ठरवणार?

मराठवाड्यातल्या एखाद्या गावानं वर्षातून एकदा आपली खाद्यजत्रा भरवावी, शिवारात पिकतं ते रांधावं आणि बाहेरच्यांनी येऊन पैसे मोजून खावं, असा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी वाइनवर घसरते. युरोपातल्या खेड्यांत अशा जत्रा भरतात आणि तिथं जेवणासोबत गावचीच वाइन असते, एवढं प्रत्येकानं ऐकलेलं असतं. एक जण म्हणतो, वाइन ठेवल्याशिवाय शहरातलं गिऱ्हाईक इकडं फिरकणार नाही. दुसरा म्हणतो, दारूनं गावाची आधीच वाट लागलीय, त्यात आणखी ही थेरं कशाला? वाद रंगतो, चहा होतो, माणसं उठून जातात. ते जेवण रांधणार कोण, हे कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं असं की जत्रा जरूर भरवावी. पण ताटाचा भाव आणि बाटलीचा निर्णय ही दोन्ही कामं चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या हातात द्यावीत. ते जमणार नसेल तर मंडप घालूच नये. सत्कार, हारतुरे आणि डीजे यांच्यासाठी आपल्याकडं निमित्तांची काही कमी नाही.

बाटलीचं आधी संपवतो, म्हणजे जेवणाकडं वळता येईल. २७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकाचं भलं होईल, हे त्याचं कारण सांगितलं गेलं. विरोधकांनी झोड उठवली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बासनात गेला. त्या गदारोळात मराठवाड्यातल्या द्राक्षवाल्याला कुणी विचारलं नाही. औसा, तुळजापूर या भागात द्राक्षबागा आहेत. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं पाणलोटाची कामं आणि शेततळी करून द्राक्षांवर गाव उभं केलं. पण या बागा बहुतेक खाण्याच्या द्राक्षांच्या. वाइनची द्राक्षं वेगळ्या जातीची असतात, मणी लहान, साल जाड, पोटात बी. त्यांची लागवड आणि वायनरी यांचं बस्तान नाशिककडं. तेव्हा आपल्या गावच्या जत्रेत आज वाइन ठेवली तर ती नाशिकहून खोक्यात भरून आणलेली असेल. तिला गावची म्हणणं म्हणजे मोंढ्यातून आणलेलं भगर-पीठ घरचं म्हणून वाढण्यासारखं आहे.

दुसऱ्या बाजूचा सोवळेपणाही मला फारसा पटत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा भागात बिअरचे मोठे कारखाने वर्षानुवर्षं चालू आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायचा आदेश द्यावा लागला, आधी पन्नास टक्के, मग साठ. साखर कारखाना आला की मळी आली, मळी आली की डिस्टिलरी आली. गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये देशी मिळते, तिला कुणी पाश्चात्त्य संस्कृती म्हणत नाही. म्हणजे दारू आपल्याकडं बनते, विकली जाते, प्यायली जाते आणि तिच्यातून महसूलही येतो. मग संस्कृतीची आठवण काचेचा प्याला दिसल्यावरच का व्हावी?

तरीही गावातल्या बाईनं 'नको' म्हटलं तर त्या नकाराला माझ्या लेखी या सगळ्या युक्तिवादापेक्षा जास्त वजन आहे. दारूचं बिल शेवटी तीच भरते. मजुरीतून, अंगावरच्या डोरल्यातून आणि कधी पाठीवरच्या वळातून. महाराष्ट्रात 'आडवी बाटली'साठी मतदान करून बायकांनी गावोगाव दुकानं बंद पाडली आहेत, तेव्हा त्यांना या विषयातलं कळत नाही असं म्हणायची सोय नाही. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरवरच होते, तो भाग वेगळा. वाइनचा ठराव तिथंच मांडावा. मंजूर झाला तर परवाना काढावा, नाही झाला तर विषय संपला. द्राक्षवाल्यानं मनुके आणावेत, ताजा रस काढावा.

आता युरोपातल्या त्या जत्रांकडं बघू, कारण आपण त्यांच्याकडून नेमकी चुकीची गोष्ट उचलतो. फ्रान्सच्या बर्गंडी भागात 'सेंट व्हिन्सेंट तूरनांत' नावाची जत्रा १९३८ पासून भरते. संत व्हिन्सेंट हा तिथल्या द्राक्ष शेतकऱ्यांचा पाठीराखा. जत्रा जानेवारीअखेर, ऐन थंडीत असते, आणि दरवर्षी यजमान गाव बदलतं. गावोगावच्या मंडळ्या आपापल्या संताची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणुकीनं येतात. यजमान गावातले लोक कित्येक महिने आधीपासून कागदी फुलं करून गल्ल्या सजवतात. प्रार्थना होते आणि त्यानंतर वाइन. मला यात सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या या मंडळ्या. त्या मुळात परस्पर मदतीच्या. एखादा शेतकरी आजारी पडला तर बाकीच्यांनी त्याच्या बागेतलं काम ओढायचं, अशी त्यांची रीत. आपल्याकडं इर्जिक म्हणतात त्याचंच हे भावंड. जर्मनीतल्या बाड ड्युर्कहाइमच्या प्रसिद्ध वाइन जत्रेची नोंद १४१७ पर्यंत मागं जाते, आणि तिचं मूळ डोंगरावरच्या देवळाला येणाऱ्या यात्रेकरूंना खायला-प्यायला विकण्यात आहे. माळेगावच्या खंडोबाची यात्रा पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. आधी देव, मग जनावरांचा बाजार, मग भजी-जिलेबी, रात्री तमाशा.

म्हणजे तिथली वाइन जत्रेच्या शेवटी येते. तिच्या आधी गाव एकत्र काम करतं, आणि वाइन त्याच बागांतली असते. आपण काय करतो, तर बाटली तेवढी आणतो.

आपल्याकडं असं गावानं मिळून करायचं जेवण आहे का? लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हे विचारलं तर तो हसेल. मार्गशीर्ष अमावस्येला, येळवशीला, या दोन जिल्ह्यांत शहरं ओस पडतात. बाजारपेठ बंद, सरकारी सुट्टी, जो तो शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडून चुना लावायचा, पूजा करायची. आंबिलीचं मडकं घरून डोक्यावर यायचं. ज्वारीचं पीठ शिजवून, ताकात कालवून, आंबवून केलेली ही आंबील जिरं-लसणाच्या वासाची, जराशी आंबूस. थंडीतल्या उन्हात दोन पेले पोटात गेले की माणूस झाडाखाली आडवा होतो. सोबत भज्जी: हरभऱ्याचे सोले, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, कच्चे शेंगदाणे, चिंचेचा कोळ आणि बेसन. ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. शिवारात त्या दिवशी जे जे हिरवं असतं ते सगळं त्या एका पातेल्यात येतं. गावच्या शेतीचा असा पंचनामा कुठल्याही तलाठ्यानं केलेला नसेल.

आणि हे सगळं फुकट. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून बसवतात. न जेवता गेला तर वाईट वाटतं. इथंच खाद्यजत्रेची खरी अडचण आहे, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. अन्न विकणं ही आपल्याकडं कमीपणाची गोष्ट. शेतमाल विकावा, दूध विकावं, पण घरची भाकर? गावात असं कुणी काढलं की ठरलेला प्रश्न येतो, "आता भाकर इकून पोट भरायचं का?"

हा अभिमान मला आवडतो. पण त्याची किंमत कोण मोजतं ते बघा. येळवशीच्या आदल्या दिवसापासून बाई चुलीपुढं असते. शेंगा सोलणं, पीठ आंबवणं, पहाटे उठून उंडे वळणं, मग ते सगळं डोक्यावर घेऊन शेतात जाणं. पाहुण्याला हाक मारण्याचं पुण्य घरधन्याला लागतं आणि पाठ तिची दुखते. म्हणून येळवस आहे तशीच राहू द्यावी. तिचं तिकीट लावायचा विचारसुद्धा करू नये. 'येळवस महोत्सव' असा फलक लागला की त्या दिवशी अनोळखी माणसाला हाक मारणारं कुणी उरणार नाही. जत्रा दुसऱ्या दिवशी भरवावी, आणि तिथं मात्र प्रत्येक घासाला भाव असावा. पाहुणचार आणि बाजार वेगवेगळ्या तारखांना असले की दोन्ही नीट होतात.

विकण्याजोगं काय आहे? यादी मोठी आहे आणि तिला सरकारी शिक्केही आहेत. बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केसर आंबा, वसमतची हळद, लातूर जिल्ह्यातली पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ, या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्यातलं काही चाखायला त्या गावी गेलात तर बसायला जागा मिळत नाही. पानचिंचोलीच्या चिंचेचं सार पानचिंचोलीत बसून पैसे देऊन कुठं प्यायचं? मानांकनाचा कागद पेटीत आणि चिंच ट्रकमध्ये. आपण बचत गटातल्या बाईला पापड घेऊन मुंबईच्या 'महालक्ष्मी सरस' या विक्री प्रदर्शनाला पाठवतो, ते चांगलंच आहे. पण तिच्या स्वतःच्या गावात, तिच्या स्वतःच्या अंगणात गिऱ्हाईक आणायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

हुरड्याचं घ्या. ज्वारीचं कणीस दूध भरून चिकावर येतं ते मोजके दिवस. त्या आधी दाणा पाणचट, त्या नंतर कडक. गूळभेंडी, सुरती, कुचकुची या खास हुरड्याच्या जुन्या जाती, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 'परभणी वसंत' हे हुरड्याचं वाण काढलं. आगटीत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात, गोवऱ्यांचा आर धरायचा, फुपाट्यात कणसं खुपसायची, फिरवत राहायचं. कणीस बाहेर काढलं की गरम असतानाच तळहातावर चोळायचं, थंड झालं की दाणा सुटत नाही. मग सुपात पाखडून कोंडा उडवायचा. हा चोळण्याचा भाग नीट पाहिलाय का कधी? तळहात आधी लाल होतात, मग काळे, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना चटका लागेनासा होतो. शहराजवळच्या हुरडा पार्ट्यांमध्ये हे काम करणाऱ्या बायका-माणसं रोजानं असतात. पाहुणा ताटाचे जे पैसे मोजतो त्यात झोका असतो, बैलगाडीची चक्कर असते, फेटा बांधून फोटो असतो. तळहाताचा हिशेब तेवढा रोजंदारीत संपतो. पैसा जातो तो ज्याची जागा आणि ज्याची जाहिरात त्याच्याकडं.

कणसं चोळणाऱ्या बाईला स्वतःच्या आगटीचा भाव लावू द्या. चार आगट्या असतील तर चार भाव असू द्या. एकीचा हुरडा गोड, दुसरीची जवसाची चटणी झणझणीत, गिऱ्हाईक आपोआप फिरेल. कुपन छापून, सगळा गल्ला एका टेबलावर गोळा करून, शेवटी 'खर्च वजा जाता' वाटप करायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. खर्च वजा जाता काय उरतं हे आपल्या साखर कारखान्यांच्या सभासदांना विचारा.

यातून ज्वारीचंही काही भलं होईल. खरिपात सोयाबीननं शिवार व्यापलं, रब्बीत हरभरा वाढला, ज्वारी मागं हटत गेली. काढायला मजूर मिळत नाहीत, पाखरं राखायला कुणी नाही आणि भावाचा भरवसा नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, पोस्टर लागले. पोस्टरनं कुणी एकरभर ज्वारी वाढवली असेल असं मला वाटत नाही. हुरड्याला आणि भाकरीला गावातच रोख गिऱ्हाईक मिळालं तर मात्र शेतकरी स्वतःहून दोन ओळी गूळभेंडीच्या पेरेल. कडबा मिळतो तो वरकड.

एक गोष्ट मात्र सोपी नाही. गावची चव म्हणजे नक्की कुणाची? जत्रेचा फलक लिहायला बसलं की पुरणपोळी, धपाटे, शेंगाचटणी एवढ्यावर गाडी थांबते. मोहल्ल्यातला खलिया, म्हणजे मांसाचा रस्सा, आणि नान कुठं गेला? तो तर संभाजीनगरची ओळख आहे. कंदुरीचं मटण, वजडी, सुकवलेल्या मांसाच्या चान्या यांचं काय? वस्तीवरच्या बाईच्या हातची भाकर पाटलाच्या वाड्यातला माणूस उघड्यावर, सगळ्यांदेखत, पैसे देऊन खाईल का? अंधारात खाणारे पुष्कळ असतात. माझ्या मते अशा जत्रेचं यश किती गाड्या आल्या यावर मोजू नये, कुठल्या चुलीपुढं कोण बसलं यावर मोजावं. म्हणून चुलींच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. देवळापुढचा कट्टा ठरावीक घरांना आणि उकिरड्याकडची बाजू वस्तीला, असं झालं तर ती जत्रा झाली नाही तरी चालेल. काही गावांत यावरूनच जत्रा मोडेल. मोडू द्या. निदान कशावरून मोडली ते तरी सगळ्यांना दिसेल.

तारखेचं भानही हवं. जानेवारीत हुरडा, म्हणून सगळीकडं जानेवारीत जत्रा, असा आदेश कुणी काढला तर बीड जिल्ह्यातल्या कित्येक गावांत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं एवढीच यजमान असतील. बाकीचं गाव तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात, कोयत्यावर. तिथं जत्रा सीताफळाच्या दिवसांत हवी. बालाघाटच्या डोंगरात, धारूर-अंबाजोगाईकडं सीताफळ पिकतं आणि ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघालेल्या नसतात, तो दसऱ्याच्या आसपासचा काळ. मुकादमाची उचल घेऊन घरं बांधाबांध करत असतात तेव्हाच बाईच्या हातात चार पैसे तिचे स्वतःचे आले तर त्याला वेगळा अर्थ आहे. सीताफळ दोन दिवसांत मऊ पडतं, व्यापारी त्याच घाईचा फायदा घेऊन भाव पाडतो. गिऱ्हाईकच डोंगराखाली आलं तर ही घाई त्याच्या बाजूनं राहणार नाही. फळ द्यावं, रबडी करावी, गर काढून विकावा.

गिऱ्हाईक येणार कुठून, हा रास्त प्रश्न. पुण्या-मुंबईच्या गाड्यांकडं डोळे लावून बसायची गरज नाही. लातूर शहरात शिकवणीसाठी आलेली हजारो मुलं खोल्या करून राहतात आणि वर्षभर मेसचं पातळ वरण खातात. रविवारी त्यांना कुणी तासाभराच्या अंतरावर गरम भाकर, पिठलं, हुरडा देतो म्हटलं तर ती पोरं बस भरून येतील, त्यांना भेटायला आलेले आई-बापही येतील. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला, तुळजापूरला, वेरूळला येणारा माणूस आधीच आपल्या रस्त्यावर आहे. त्यांच्यातल्या कुणालाही वाइनची अडचण होणार नाही, असली तरी आणि नसली तरी.

कागदपत्रांचा बाऊ करू नये. छोट्या खाद्यविक्रेत्याला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते. नोंदणी नाही म्हणून कुणी अडवलं तर ती ग्रामपंचायतीच्या संगणकावर करून देता येते. पाणी, संडास, गाड्या लावायला मोकळं रान, एवढी सोय ग्रामपंचायतीनं करावी आणि मग बाजूला व्हावं. उद्घाटनाला मंत्री नको. मंत्री आला की व्यासपीठ आलं, व्यासपीठ आलं की भाषणं आली, आणि तोवर भाकरी गार.

राहिला पैशाचा प्रश्न. यात्रेला गाव वर्गणी काढतं, तमाशाच्या फडाची सुपारी देतं, कुस्त्यांची इनामं लावतं, आणि पैसे कमी पडले असं सहसा ऐकू येत नाही. त्याच वर्गणीतला वाटा काढून चुलीसाठी पत्रे, गोवऱ्या आणि पाण्याच्या टाक्या आणता येतील. ती रक्कम उसनी समजून महिला सभेच्या वहीत लिहावी, आणि परत किती आणि कधी करायची ते त्याच बायकांनी ठरवावं. कुस्तीच्या इनामाचा हिशेब आजवर कुणी मागितला नाही, तेव्हा यांच्याकडं तरी पहिल्याच वर्षी मागायची घाई करू नये.